पद्मिनीच्या टायरला पांढरी पट्टी, दोन हजारांत: काय टिकतं आणि काय सोलून येतं

डिचोलीच्या एका मित्राचा प्रश्न आहे, थोडक्यात असा. वडिलांनी घेतलेली १९८४ ची प्रीमियर पद्मिनी घरी आहे, चालते. डिसेंबरात बहिणीचं लग्न, नवरी त्याच गाडीतून हॉलवर न्यायची असं सगळ्यांनी ठरवलंय. बॉडीचा रंग चांगला आहे पण टायर नुसते काळे दिसतात, तर जुन्या गाड्यांना असते तशी पांढरी पट्टी पाहिजे. खर्चाची मर्यादा दोन हजार. आतापर्यंत तिघांनी तीन सल्ले दिलेत: एकजण म्हणतो ऑईल पेंट मार, दुसरा म्हणतो स्प्रेचा कॅन घे, तिसरा म्हणतो रबराच्या पांढऱ्या रिंगा मिळतात त्या बसव. कुणाचं ऐकू?

मी गोव्यात फोंड्याच्या बाजूला जुन्या गाड्यांचं रंगकाम करतो, बरीच वर्षं झाली. पांढऱ्या पट्टीचं काम दर वर्षी लग्नाच्या सीझनला येतंच, तेव्हा जरा सविस्तर सांगतो.

पहिलं म्हणजे, "कुठला रंग घेऊ" हा यातला खरा प्रश्न नाही. खरा प्रश्न हा की तो रंग कशावर बसणार. पत्रा हलत नाही, भिंत हलत नाही, टायर हलतो. पद्मिनीचा ५.२०-१४ चा टायर धरला तर त्याचा घेर साधारण एकोणीसशे मिलिमीटर, म्हणजे साठच्या स्पीडला चाक मिनिटाला पाचशेहून जास्त फेरे मारतं, आणि प्रत्येक फेऱ्याला टायरची बाजू खाली रस्त्याला आली की फुगते आणि वर गेली की परत सरळ होते. डिचोलीहून फोंड्याला येईपर्यंत ती बाजू किती हजार वेळा वाकली हिशेब करा. जो रंग सुकल्यावर कडक होतो तो या वाकण्यात तडकणारच, मग कितीही महाग असो.

दुसरी गोष्ट लोकांना माहीत नसते. टायरच्या रबरात मेण आणि काही केमिकल मुद्दाम घातलेली असतात, हवेतल्या ओझोनने रबराला तडे जाऊ नयेत म्हणून. ती हळूहळू आतून पृष्ठभागावर येत राहतात, त्यांनी तसं यावं अशीच योजना असते. जुन्या टायरवर तपकिरी थर दिसतो ना, धुतला तरी काही दिवसांनी परत येतो, तोच हा. आता तुम्ही त्याच्यावर पांढरा रंग मारलात की ते तपकिरी रसायन रंगातून वर येतं आणि पट्टी आधी पिवळसर, मग चहाचा डाग पडल्यासारखी होते. रंग न सोलताही काम वाया गेल्यासारखं दिसतं.

मग कंपनीच्या खऱ्या व्हाईटवॉलचं असं का होत नाही? कारण तिथे रंग नसतोच. तिथे पांढऱ्या रबराचा वेगळा थर टायर बनवतानाच बाजूला घातलेला असतो, त्या रबराचं मिश्रण डाग न पडणारं, आणि आतल्या काळ्या रबरातलं काही झिरपू नये म्हणून मध्ये अडवणारा थर. मुळात सुरुवातीचे टायर काळे नव्हतेच, रबरात झिंक ऑक्साईड असायचं त्याने ते पांढुरके दिसायचे. नंतर कार्बन ब्लॅक म्हणजे काजळीसारखी काळी पूड घातली की रबर किती तरी जास्त टिकतं हे कळलं, मग आधी फक्त रस्त्याला लागणारा भाग काळा झाला आणि बाजू पांढरी राहिली. पुढे त्याचीच फॅशन झाली. म्हणून काही लोक सांगतात ना की टायर ग्राईंडरने घासला की आतून पांढरं निघतं, ते फक्त ज्या टायरमध्ये तो थर आहे त्याच्याच बाबतीत खरं. साध्या काळ्या टायरला ग्राईंडर लावलात तर आतून पांढरं नाही, दोरे निघतील. बाजूला दोऱ्यांवर रबर काही मिलिमीटरच असतं. हे कुणीही, कुणाच्याही सांगण्यावरून करू नये.

तेव्हा मित्रा, दोन हजारांत खरी व्हाईटवॉल होत नाही. खरे टायर अमेरिकेत कोकर टायरसारख्या कंपन्या आजही बनवतात पण मागवायचे तर टायर, जहाजभाडं, कस्टम सगळं मिळून तुमच्या गणितात बसणार नाही. दोन हजारांत होते ती रंगाची पट्टी, आणि ती आम्ही गणेश चवथीआधी घराला रंग काढतो तशी दर वर्षी परत काढायची गोष्ट आहे. हे मान्य असेल तर काम छान होतं. मान्य नसेल तर काळे टायर स्वच्छ धुऊन ठेवलेले कधीही चांगले.

आता काय काय कशावर अवलंबून आहे ते. तुम्ही लिहिलं नाही की टायर नायलॉनचे आहेत की रेडियल. नायलॉनच्या टायरची बाजू जाड आणि ताठ, ती कमी वाकते, रंग जास्त टिकतो. रेडियलची बाजू पातळ, ती खाली फुगलेली डोळ्यांनी दिसते, तिथे त्याच रंगाचं आयुष्य कमी. गाडी रोज चालते की रविवारी एक फेरी, हेही लिहिलं नाही. आणि गाडी राहते कुठे, शेडमध्ये की अंगणात उन्हात. या तीन गोष्टींवर तीच पट्टी दोन महिनेही जाईल किंवा पुढच्या पावसापर्यंतही जाईल, त्यामुळे मी गॅरंटी देत नाही, माझ्या गिऱ्हाईकालाही देत नाही.

पण रंगाच्याही आधी एक बघा, आणि हे मी आग्रहाने सांगतोय. टायरच्या बाजूला डीओटी लिहिलेल्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ असं असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. तीनच आकडे असतील तर तो २००० सालच्या आधीचा, त्याला रंगवू नका, काढून टाका. कमी चालणाऱ्या गाड्यांचे टायर नक्षी शाबूत ठेवून आतून म्हातारे होतात, आणि उभ्या गाडीत ते मेणही नीट वर येत नाही कारण टायर वाकतच नाही, मग बाजूला बारीक बारीक तडे जातात. चांगल्या उजेडात अंगठ्याने रबर दाबून, ताणून बघा. तडे दिसले तर दोन हजार रंगावर घालू नका, ते नवीन टायरच्या पैशात टाका. पांढऱ्या रंगाखाली तडे झाकून जातात आणि मग कुणाला दिसत नाहीत, आणि त्या गाडीत तुमची बहीण बसणार आहे.

टायर ठीक आहेत असं धरून पुढे जाऊ.

तिघांचे सल्ले एकेक करून. ऑईल पेंट म्हणजे आपला दारं-खिडक्यांचा इनॅमल: मारायला सोपा, पहिल्या दिवशी चकचकीत, फोटोत एकदम भारी. पण तो हवेतल्या ऑक्सिजनने सुकतो आणि सुकायचं कधी थांबत नाही, महिन्यागणिक आणखी कडक होत जातो, शिवाय पांढरा इनॅमल आपणहून पिवळा पडतो. त्यातलं टर्पेंटाईन रबरात मुरतं आणि ते तपकिरी रसायन उलट ओढून वर आणतं. मडगावच्या बाजूची एक जुनी ऑपेल आली होती माझ्याकडे, मालकाने लग्नासाठी असाच ऑईल पेंट मारून घेतला होता. पट्टीवर टायरच्या मधोमधून बाहेर गेलेल्या शेकडो बारीक रेघा, अगदी सरळ, किरणांसारख्या, आणि प्रत्येक रेघेत तांबडी माती भरलेली. ते काढायला मारण्यापेक्षा चौपट वेळ लागला कारण रबरावर रंग काढायचं केमिकल वापरता येत नाही, नुसतं घासत बसायचं.

स्प्रेचा कॅन त्याहून वाईट नाही पण चांगलाही नाही. साध्या कॅनमधला लॅकर पातळ बसतो, लवकर सुकतो, आणि लवकर तडकतो. त्यात फवारा उडतो रिमवर, मडगार्डवर, सगळीकडे, म्हणजे झाकाझाकीतच अर्धा दिवस. एका दिवसाच्या शूटिंगला चालेल.

वास्कोला बोटींच्या कामाची पेंटची दुकानं आहेत तिथे क्लोरिनेटेड रबर पेंट मिळतो, स्विमिंग पूलला मारतात तोच. तोही बरेचजण सुचवतात. लोकांना वाटतं तो रबरासारखा ताणला जातो, तसं नाही, पण पकड त्याची खरंच चांगली आहे आणि परत हात मारला तर जुन्या थरात नीट विरघळून बसतो. अडचण ही की त्यातला थिनर जहाल, तो रबराला मऊ करतो, डाग ओढतो, आणि उन्हात पांढरा रंग पिवळट आणि पिठूळ होतो. नायलॉनच्या टायरला, शेडमध्ये राहणाऱ्या गाडीला, एखादा हट्टच करत असेल तर मी तो मारून देतो. रेडियलला नाही.

रबराच्या रिंगा, रिम आणि टायरच्या मध्ये अडकवायच्या, त्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ट्यूबच्या नायलॉन टायरवर, हळू चालणाऱ्या गाडीला, फक्त दाखवायच्या दिवशी त्या ठीक दिसतात. पण त्या बसवायला पंक्चरवाल्याकडे हवा सोडून टायर रिमपासून सोडवावा लागतो, ट्यूबलेस असेल तर रिमशी हवा धरणारी जागाच बिघडते. आणि आपल्याकडची मुख्य गोष्ट म्हणजे माती. रिंगेच्या आत एकदा का मातीचं पाणी शिरलं की चाक फिरताना रिंग टायरवर घासत राहते, वाळूसकट. रिंग काढून बघितलं तर खाली टायरवर खोलगट चर पडलेला असतो. रेडियलवर तर बाजू जास्त हलते म्हणून हे आणखी लवकर होतं. दोन-चार तासांसाठी बसवून काढून ठेवणार असाल तरच.

मग मी काय वापरतो? गच्चीला पावसाळ्याआधी मारतात ना, तो पाण्यात मिसळणारा पांढरा वॉटरप्रूफ रंग, दुकानात इलॅस्टोमेरिक किंवा नुसतं टेरेस कोटिंग म्हणून मागा. गोव्यात कुठल्याही पेंटच्या दुकानात असतो. हा ॲक्रिलिकचा, सुकल्यावर ताणला जातो, स्लॅबला बारीक भेग पडली तर ती झाकून राहावी म्हणूनच बनवलेला असतो. त्यात थिनर नाही म्हणून रबरातले डाग तो लवकर ओढून घेत नाही, येतात पण उशिरा. टायरसाठी तो बनवलेला नाही, डब्यावर तसं कुठे लिहिलेलंही नसेल, आणि त्याचा एक दोष आहे तो आधीच सांगतो: तो कायम जरा मऊ राहतो म्हणून धूळ धरतो. खाणीच्या ट्रकच्या वाटेवर राहणाऱ्यांना हे चांगलं जाणवेल. त्याला उपाय पुढे सांगतो.

आणि किती घ्यायचा, इथे लोक फसतात. पट्टी दीड इंचाची धरली तर एका टायरवर रंगवायची जागा अर्ध्या चौरस फुटाला थोडीशी जास्त येते. स्टेपनीसकट पाच टायर धरले तरी सगळं मिळून तीन चौरस फूट. म्हणजे तीन हात मारूनही पाव लिटर रंग पुरून उरतो. चार लिटरची बादली घेऊ नका, शेजारी कुणी गच्ची करून उरलेला, घट्ट झाकण लावलेला डबा असेल तर त्यातला वाटीभर मागून आणा. तुमचे दोन हजार लागणारच नाहीत. उरलेल्या पैशात चांगला मऊ ब्रश घ्या, एक इंची, आणि घासायचा पेपर घ्या. या कामात रंग स्वस्त आहे, मेहनत महाग आहे, आणि सगळी मेहनत रंगाचा डबा उघडायच्या आधी आहे.

टायरची धुलाई. भांडी घासायचा साबण, कडक प्लॅस्टिकचा ब्रश, भरपूर पाणी. एकदा नाही, पाणी काळं यायचं थांबेपर्यंत. तुम्ही कधी टायरला किंवा मडगार्डला ती चकाकीची पॉलिश, टायर शाईन, डॅशबोर्डचा स्प्रे असं काही मारलं असेल तर त्यातलं सिलिकॉन हा या कामाचा सगळ्यात मोठा शत्रू. त्याच्यावर कुठलाच रंग बसत नाही, माशाच्या डोळ्यासारखी गोल गोल भोकं पडतात. नवीन टायरवरही साच्यातून सुटावा म्हणून लावलेलं काहीतरी असतंच, त्यामुळे टायर नवीन आहे म्हणून धुलाई टाळू नका. धुऊन झालं की स्वच्छ पाणी ओता आणि बघा. पाणी एकसंध पसरून खाली गेलं तर टायर तयार, थेंब थेंब उभे राहिले तर अजून तेलकटपणा आहे, परत धुवा. मग १८० नंबरचा वॉटर पेपर साबणाच्या पाण्यात बुडवून हाताने घासायचा, नुसती चकाकी मोडेपर्यंत, खोल नाही, मशीन नाही. परत धुवा, पूर्ण सुकू द्या, आणि शेवटी स्पिरिटमध्ये भिजवलेलं पांढरं फडकं एकदा फिरवा. फडकं तपकिरी होईल, ते बदला, स्वच्छ निघेपर्यंत. पेट्रोल आणि थिनर इथे अजिबात नको, ते रबरात मुरतात आणि नंतर रंगाखालून बाहेर येतात.

एक राहिलंच, धुवायच्या आधी हवा नेहमीच्या प्रेशरला भरून घ्या. कमी हवेत रंगवलं आणि नंतर हवा भरली तर बाजू ताणली जाते, रंगाला पहिल्याच दिवशी ताण. आणि पुढेही हवा कमी ठेवून गाडी चालवली तर बाजू जास्त वाकते, पट्टी लवकर जाते.

आता गोल कसा काढायचा. इथे पंधरा जणांपैकी चौदा जण कंपास, दोरी, पुठ्ठ्याचा साचा असं काहीतरी शोधत बसतात. काही नको. गाडीचं पुढचं चाक जॅकवर उचला, ब्रश एका जागी धरा आणि चाक फिरवा. हात स्थिर, चाक फिरतं, गोल आपोआप परफेक्ट येतो, कारण चाकाचा मधला बिंदू हाच गोलाचा मधला बिंदू. मी एक लाकडी स्टूल चाकासमोर ठेवतो, त्यावर मनगट टेकवतो, दुसऱ्या हाताने किंवा पोराकडून चाक हळू फिरवून घेतो. आधी पेन्सिल तशीच धरून दोन रेघा ओढून घ्यायच्या, आतली आणि बाहेरची.

पद्मिनीचा फायदा हा की तिची पुढची चाकं मोकळी फिरतात, इंजिनचा जोर मागे जातो. म्हणून मी पाचही चाकं पुढच्या एकाच हबवर, म्हणजे चाक बसवायच्या जागेवर, करतो. स्टेपनी आधी चढवायची, ती रंगवायची, मग तिला सुकायला बाजूला ठेवून दुसरं चाक. मागची चाकं उचलत बसू नका, कारण हँडब्रेक मागच्याच चाकांना लागतो, ती उचलली की गाडी धरून ठेवणारं काही राहत नाही. पुढचं उचललंय तेव्हा हँडब्रेक ओढलेला, मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड, आणि गाडी नुसत्या जॅकवर नाही, खाली स्टँड. अंगणात माती असेल तर जॅकखाली फळी घाला, आपली माती पाऊस होऊन गेल्यावर महिनाभर आतून ओली असते, जॅक बसतो.

पट्टी किती रुंद? हे दिसण्याचं आहे, मी माझं मत सांगतो. पन्नासच्या दशकातल्या गाड्यांना रुंद पट्टी असायची, दोन-अडीच इंच आणि वर. अमेरिकेत १९६२ च्या सुमाराला एकदम अरुंद पट्टीची फॅशन आली, इंचभर किंवा त्याहून कमी. म्हणजे तुमच्याकडे जुनी, गोलाकार डुक्कर फियाट असती तर मी म्हणालो असतो रुंद करा, तिला ती शोभते. पद्मिनीचं नाक, तिच्या कडा, सगळं सरळ रेषेतलं, तिला रुंद पट्टी जड दिसते, आणि टायरची बाजूच मुळात पाच इंच. एक ते दीड इंच पुरे. रिमला चिकटून सुरुवात करू नका, बोटभर काळं सोडा, नाहीतर पहिल्या पंक्चरला टायर काढणाऱ्याचा लिव्हर तिथेच लागतो आणि पोपडा निघतो. बाहेरच्या बाजूला टायर जिथे सगळ्यात जास्त फुगलेला आहे तिथपर्यंतही जाऊ नका, तो भाग फुटपाथला घासतो. पणजीला १८ जून रस्त्यावर एकदा पार्किंग केलंत की डाव्या चाकांवर पुरावा मिळेल. बऱ्याच टायरवर मुळातच एक-दोन उठावदार गोल रेषा असतात, त्यांच्यामध्येच पट्टी बसवता आली तर उत्तम, कड सुबक दिसते. कंपनीचं नाव आणि आकडे मध्ये येत असतील तर त्यांच्यावरूनच रंगवा, ते घासून काढू नका.

टेप लावायची हौस असेल तर कागदी मास्किंग टेप गोलावर वळत नाही, सुरकुत्या पडतात. इलेक्ट्रिशियनची काळी पीव्हीसी टेप घ्या, ती ताणली की गोल वळते. शेवटचा हात ओला असतानाच ती काढायची, पूर्ण सुकल्यावर काढलीत तर हा रंग रबरासारखा असल्यामुळे पट्टीची कडही सोबत ओढून येते. मी स्वतः टेप लावत नाही, ब्रशनेच कड धरतो, पण पहिल्यांदा करणाऱ्याने लावावी.

रंगाचे हात पातळ. पहिला हात डब्यावर लिहिलंय तितकं पाणी घालून, तो नुसता पकड धरायला, खालचं काळं दिसणार, दिसू द्या. तिथेच घाई होते लोकांची, एकदम पांढरं दिसावं म्हणून जाड हात मारतात आणि मग वरून सुकतो, आत ओला राहतो, बोट लागलं की सरकतो. चार-सहा तासांनी दुसरा, मग तिसरा, ब्रश प्रत्येक वेळी चाक फिरतं त्या दिशेनेच. उन्हात करू नका, काळा टायर उन्हात इतका तापतो की पाण्याचा रंग ब्रशखालीच सुकून ओढला जातो. दव पडायच्या वेळीही नको. डिचोली-सत्तरी भागात नोव्हेंबर-डिसेंबरात सकाळी चांगलंच दव असतं, तेव्हा साधारण नऊ-दहाला सुरू करून दुपारपर्यंत शेडमध्ये हात संपवायचा, संध्याकाळपर्यंत तो वरून सुकलेला पाहिजे.

सुकला म्हणजे झाला असं नाही. हाताला सुका लागतो दोन-तीन तासांत, पण आतून घट्ट व्हायला आठवडा धरा. त्या आठवड्यात गाडी शक्यतो हलवू नका. तेवढं झालं की पट्टीवर हलकी टाल्कम पावडर चोळा आणि जास्तीची पुसून टाका, तो जो मऊपणा म्हणालो ना, ज्याला धूळ चिकटते, तो याने बराच मरतो.

म्हणून तुमचं टाईमटेबल असं: पाऊस पूर्ण जाऊ दे, ऑक्टोबरात अधूनमधून दुपारी गडगडाट होऊन सरी येतात त्याही संपू देत. दिवाळी आटोपली की स्टेपनी करा, एकटी. दुसऱ्या दिवशी तिच्यावर सेलोटेप दाबून चिकटवा आणि झटक्याने ओढा. रंग टेपवर आला तर धुलाई कमी पडली, कारण जवळजवळ नेहमी तेच असतं, परत धुऊन परत करा. रंग जागचा हलला नाही तर मग बाकीची चार चाकं घ्या, आणि लग्नाच्या आधी निदान दोन आठवडे काम पूर्ण करून ठेवा. लग्नाच्या आदल्या दिवशी केलेली पट्टी मी बघितलीय, मांडवाच्या दारात गाडी पोचेपर्यंत सगळ्या पट्टीवर धुळीचा तांबडा थर, आणि ओल्या रंगात बसलेली धूळ निघत नाही.

कुणाला हे सगळं जमणारच नाही, वेळच नाही, एका सकाळपुरतं फोटोत दिसलं तरी बस झालं, त्यांनी शाळेच्या कॅनव्हासच्या बुटांना लावतात ते पांढरं पॉलिश धुतलेल्या टायरवर स्पंजने लावावं. पाण्याने धुऊन जातं, टायरला काही होत नाही. पाऊस किंवा ओला रस्ता लागला तर ओघळेल, तेवढं लक्षात ठेवून.

नंतरची देखभाल फार नाही. मातीतून गेलात की त्याच दिवशी साध्या साबणाने मऊ फडक्याने पुसा, आपल्या मातीत लोह आहे, तिचा तांबडा डाग दोन दिवस राहिला की रंगात बसतो. ब्लीच नको, तारेचा ब्रश नको, आणि गाडी सर्व्हिसिंगला दिलीत तर धुणाऱ्या पोराला आधीच सांगून ठेवा की टायरला पॉलिश मारायची नाही. ते सवयीने मारतात आणि मग पुढच्या वेळी रंगच बसत नाही. पट्टी पिवळट वाटायला लागली तर नुसती हलकी घासून, धुऊन, एक पातळ हात वरून मारला की परत उजळते, जुनं सगळं खरवडायची गरज नाही. मात्र कुठे सुटायला लागली असेल तर तेवढा भाग बोटाने सोलून काढा, हा रंग चामडीसारखा निघतो, आणि तिथे पहिल्यापासून सगळं करा.

स्कूटरवाल्यांनीही मागे विचारलं होतं म्हणून तेही सांगतो, जुन्या चेतक, व्हेस्पा, लॅम्ब्रेटा यांच्या ३.५०-१० मापात पांढऱ्या पट्टीचे तयार टायर मिळतात. तिथे रंगाच्या भानगडीत पडू नका, टायर बदलायचा झाला की सरळ तो घ्या.

तर मित्रा, आता तुम्ही दोन गोष्टी कळवा. टायरवरचे ते चार आकडे, पाचही टायरचे, कारण स्टेपनी बहुतेक वेळा सगळ्यात जुनी निघते. आणि बाजूवर आर हे अक्षर मापाच्या मध्ये आहे की नुसती आडवी रेघ: आर असेल तर रेडियल, रेघ असेल तर नायलॉन. उजेडात काढलेला बाजूचा एक जवळचा फोटोही टाका, तडे असतील तर दिसतील. ते बघून मग रुंदी किती ठेवायची आणि मुळात रंगवायचं की नाही ते नक्की सांगतो.